सरासरी आणि प्रचरण : रुग्णालयाच्या नोंदी कशा वाचाव्यात



धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकड्यांचे तक्ते असतात आणि त्या तक्त्यांत बहुधा सरासरी असते : रुग्णाच्या मुक्कामाचे सरासरी दिवस, नवजात बालकाचे सरासरी वजन, गर्भवती मातांचे सरासरी हिमोग्लोबिन. देणगीदार त्या आकड्यावरून आपल्या दानाचा विनियोग कसा झाला हे पाहतात, विश्वस्त त्यावरून पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठरवितात. हा आकडा खोटा नसतो, परंतु पुरताही नसतो. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा छापला गेला, तर कोणत्या गावी गोळ्या पाठवून भागेल आणि कोणत्या गावी रुग्णवाहिका पाठवावी लागेल, याचा निर्णय अधिक जबाबदारीने घेता येतो. त्या दुसऱ्या आकड्याचे नाव प्रचरण; इंग्रजीत त्यास व्हेरिअन्स म्हणतात. रुग्णालयाच्या संगणकात ज्या डेटाबेसमध्ये आपल्या नोंदी साठविल्या जातात, त्यातून हा आकडा कसा काढतात आणि तो काढताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखातील हिमोग्लोबिनची उदाहरणे केवळ समजुतीसाठी रचलेली असून ती कोणत्याही प्रत्यक्ष गावाची वा शिबिराची नाहीत.

सरासरी एक, गावे दोन

समजा, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दोन गावांत शिबिरे झाली आणि प्रत्येक गावी शेवटच्या तिमाहीतील पाच गर्भवती मातांचे हिमोग्लोबिन तपासले. पहिल्या गावातील आकडे १०.२, १०.४, १०.५, १०.६ आणि १०.८ असे आले. दुसऱ्या गावातील आकडे ६.५, ९.५, ११.०, १२.५ आणि १३.० असे आले. दोन्ही ठिकाणी बेरीज ५२.५ होते आणि सरासरी १०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर येते. अहवालात केवळ सरासरी छापली, तर दोन्ही गावे एकसारखीच दिसतील.

वैद्यकीय दृष्टीने मात्र त्यांत महदंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. १० ते १०.९ हा सौम्य आणि ७ पेक्षा कमी हा तीव्र रक्तक्षय होय. पहिल्या गावातील पाचही मातांना सौम्य रक्तक्षय आहे. त्यांना लोहाच्या गोळ्या, आहाराचा सल्ला आणि पुनर्तपासणी यांची गरज आहे. दुसऱ्या गावातील तीन मातांना रक्तक्षय नाही, एकीस मध्यम स्वरूपाचा आहे आणि एक माता ६.५ वर आहे. शेवटच्या तिमाहीत तीव्र रक्तक्षय असलेल्या मातेस चोवीस तास तज्ज्ञांची सेवा उपलब्ध असेल अशा रुग्णालयात तत्काळ दाखल करावे, असे ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मार्गदर्शन आहे. प्रसूतीच्या वेळी होणारा साधा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो. १०.५ या सरासरीत ती माता अदृश्य झालेली असते.

प्रचरण म्हणजे काय

प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे, ते अंतर प्रथम काढावयाचे. ही अंतरे जशीच्या तशी मिळविली तर वरची आणि खालची एकमेकांस खाऊन बेरीज नेहमी शून्य येते. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करावयाचा, त्या वर्गांची बेरीज करावयाची आणि तिला नोंदींच्या संख्येने भागावयाचे. येणारा भागाकार म्हणजे प्रचरण, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. व्हेरिअन्स ही संज्ञा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये आनुवंशिकतेवरील आपल्या निबंधात वापरली.

पहिल्या गावात अंतरांच्या वर्गांची बेरीज ०.२० येते. तिला पाचने भागता प्रचरण ०.०४ आणि प्रमाण विचलन ०.२ मिळते. दुसऱ्या गावात अंतरे उणे ४.०, उणे १.०, ०.५, २.० आणि २.५ अशी आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज २७.५, प्रचरण ५.५ आणि प्रमाण विचलन सुमारे २.३५ होते. सरासरी तीच असूनही दुसऱ्या गावाचे प्रचरण पहिल्याच्या एकशे सदतीस पटींहून अधिक आहे. एवढा फरक दिसताच वाचणाऱ्याने थांबून मूळ नोंदी पाहाव्यात, हेच या आकड्याचे कार्य होय.

प्रचरणाचे एकक वर्गात असते, त्यामुळे ते थेट वाचण्यास अवघड जाते. वाचण्यासाठी प्रमाण विचलन सोयीचे. तथापि निरनिराळ्या गटांचे आकडे एकत्र करावयाचे असतील तेव्हा प्रचरणच उपयोगी पडते. त्याचे कारण पुढे येईल.

डेटाबेस आणि तीन बेरजा

पूर्वी रुग्णाचा केसपेपर हीच एकमेव नोंद असे. आता तीच माहिती संगणकात तक्त्यांच्या स्वरूपात साठविली जाते. एका तक्त्यात रुग्ण, दुसऱ्यात तपासण्या, तिसऱ्यात दिलेली औषधे. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीतील एक बाब. तक्त्यांचे परस्परसंबंध रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासारख्या समान बाबींवरून जुळविले जातात. अशा रचनेस रिलेशनल डेटाबेस म्हणतात. तिची तात्त्विक मांडणी आयबीएम या कंपनीत संशोधन करणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे त्याच कंपनीतील संशोधकांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची जी भाषा घडविली, तीच आज एसक्यूएल या नावाने जगभर वापरली जाते.

या भाषेत अनेक ओळींवरून एकच उत्तर काढणारी काही तयार साधने असतात. त्यांना ॲग्रिगेट फंक्शन म्हणजे समूह-फले म्हणतात. काउंट हे नोंदी मोजते, सम बेरीज करते, एव्हीजी सरासरी काढते, मिन आणि मॅक्स किमान व कमाल मूल्य सांगतात. ‘ग्रुप बाय’ हे शब्द जोडले, की तेच काम प्रत्येक गावासाठी, तालुक्यासाठी किंवा केंद्रासाठी वेगवेगळे केले जाते.

प्रचरणाच्या व्याख्येत एक अडचण आहे. प्रत्येक अंतर सरासरीपासून मोजावयाचे असते आणि सरासरी तर सर्व ओळी वाचून झाल्याशिवाय कळत नाही. सम या फलाच्या कंसातच एव्हीजी लिहून दोन्ही कामे एका दमात उरकावीत, असे नवशिक्यास वाटते. परंतु एका समूह-फलाच्या पोटात दुसरे समूह-फल असे घालण्यास डेटाबेस सामान्यतः नकार देतो. मग एक तर आधी सरासरी काढून ती दुसऱ्या प्रश्नात वापरावी लागते, म्हणजे तक्ता दोनदा वाचावा लागतो. किंवा बीजगणिताचा आधार घ्यावा लागतो.

बीजगणित असे सांगते, की वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा केला असता प्रचरणच मिळते. त्यामुळे केवळ तीन गोष्टी मोजल्या तरी पुरते : नोंदींची संख्या, आकड्यांची बेरीज आणि आकड्यांच्या वर्गांची बेरीज. देवनागरीत लिहावयाची तर ती आज्ञा अशी होईल :

सिलेक्ट गाव, काउंट(हिमोग्लोबिन), सम(हिमोग्लोबिन), सम(हिमोग्लोबिन * हिमोग्लोबिन) फ्रॉम तपासणी ग्रुप बाय गाव

दुसऱ्या गावासाठी या आज्ञेचे उत्तर ५, ५२.५ आणि ५७८.७५ असे येते. ५७८.७५ ला पाचने भागता ११५.७५. सरासरी १०.५ चा वर्ग ११०.२५. वजाबाकी ५.५. आधी व्याख्येवरून काढलेले उत्तर आणि हे उत्तर एकच आहे. बहुतेक मोठ्या डेटाबेसमध्ये यासाठी व्हार-पॉप आणि व्हार-सॅम्प ही तयार फलेही आहेत आणि एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात त्यांचा समावेश आहे. एसक्यूलाइटसारख्या लहान डेटाबेसच्या मूळ संचात मात्र ती नाहीत. तेथे तीन बेरजांची ही रीतच कामी येते.

धुळे, नंदुरबार आणि गटांची फेरमांडणी

तीन बेरजांचा खरा लाभ गट एकत्र करताना किंवा वेगळे करताना कळतो, आणि खानदेशाइतके त्याचे बोलके उदाहरण दुसरे क्वचित सापडेल. इंग्रजी अमदानीत १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके वेगळे होऊन नंदुरबार जिल्हा झाला. धुळे जिल्ह्यात धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा हे चार तालुके राहिले.

त्या दिवशी कोणत्याही गावातील एकाही बालकाचे वजन बदलले नाही, एकाही मातेचे हिमोग्लोबिन बदलले नाही. तरीही ‘धुळे जिल्ह्याची सरासरी’ या शब्दांचा अर्थ बदलला, कारण ज्या लोकांची ती सरासरी होती तो समूहच बदलला. त्याआधी आणि त्यानंतर छापलेल्या जिल्हा-सरासरींची थेट तुलना करणारा वाचक जिल्ह्याच्या सीमेतील बदलास आरोग्यातील बदल समजण्याचा संभव असतो. ज्यांच्याकडे केवळ सरासरी शिल्लक राहिली, त्यांना मागे जाऊन जुने आकडे नव्या सीमेनुसार मांडता येत नाहीत. ज्यांच्याकडे तालुकावार तीन बेरजा आहेत, त्यांना ते सहज शक्य होते : निघून गेलेल्या तालुक्यांची संख्या, बेरीज आणि वर्गांची बेरीज वजा केली, की काम झाले.

एकत्रीकरणाचेही तसेच. समजा, सपाटीवरील एका शिबिरात ३० माता तपासल्या, त्यांची सरासरी ११.० आणि प्रचरण १.०. पायथ्याच्या दुसऱ्या शिबिरात १० माता तपासल्या, त्यांची सरासरी ९.० आणि प्रचरण तेवढेच, १.०. दोन्ही मिळून सरासरी किती? ११ आणि ९ यांची सरासरी १० असे घाईने उत्तर दिले जाते. परंतु पहिल्या शिबिरात तिप्पट माता आहेत, म्हणून एकूण बेरीज ४२० आणि सरासरी ४२० भागिले ४० म्हणजे १०.५ होते. प्रचरणाबाबतही दोन्हीकडे १.० आहे म्हणून एकत्रितही १.० असेल, हे अनुमान टिकत नाही. वर्गांची बेरीज ३६६० आणि ८२० मिळून ४४८० होते. तिला ४० ने भागता ११२, त्यातून १०.५ चा वर्ग ११०.२५ वजा करता १.७५ उरते.

हे १.७५ दोन भागांचे बनलेले आहे. १.० हा भाग प्रत्येक शिबिरातील मातामातांमधील फरकाचा आहे. उरलेला ०.७५ हा दोन शिबिरांच्या सरासरींमधील अंतराचा आहे. विश्वस्तांच्या दृष्टीने ही विभागणी फार मोलाची आहे. गटांतर्गत भाग मोठा असेल तर प्रत्येक गावात तीव्र रक्तक्षयाच्या माता शोधण्यासाठी घरोघर तपासणी हवी. गटांमधील भाग मोठा असेल तर एखादा संपूर्ण पाडाच मागे पडला आहे, असे समजून तेथे पाणी, आहार, जंत, मलेरिया किंवा सिकलसेल अशा सामायिक कारणांचा शोध घ्यावा लागतो. प्रचरणाचे असे भाग पाडता येतात आणि पुन्हा जोडता येतात; प्रमाण विचलनाचे येत नाहीत.

आणखी एक सोय अशी, की दोन केंद्रांनी परस्परांना तीन बेरजा कळविल्या तर एकाही रुग्णाचे नाव वा अहवाल केंद्राबाहेर जात नाही. मात्र गटात एकच रुग्ण असेल तर बेरीज म्हणजे तिचाच आकडा होय. असे अतिलहान गट जाहीर करू नयेत, हे रुग्णाच्या खाजगीपणाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

नोंदीतील दक्षता

गणित अचूक असले तरी नोंद चुकीची असेल तर उत्तर चुकते. यासंबंधी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट शून्य आणि रिक्त यांमधील भेदाची. दुसऱ्या गावात सहावी माता आली, परंतु तिची तपासणी होऊ शकली नाही, असे समजू. तिचा रकाना रिक्त ठेवला, तर सम, एव्हीजी आणि प्रचरणाची फले ती ओळ आपोआप वगळतात. ओळी मोजणारा काउंट सहा सांगेल आणि हिमोग्लोबिनचा काउंट पाच सांगेल. त्या दोहोंतील फरक म्हणजेच राहून गेलेल्या तपासण्यांची संख्या. रकाना मोकळा दिसू नये म्हणून तेथे शून्य भरले, तर सरासरी १०.५ वरून ८.७५ वर उतरते आणि प्रचरण ५.५ वरून सुमारे १९.९ वर चढते. संगणकावर नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचे एक बोट असे संपूर्ण गावाचे चित्र बदलू शकते.

दुसरी गोष्ट तक्ते जोडण्याची. तपासणीचा तक्ता औषधांच्या तक्त्यास जोडला, की ज्या मातेस चार औषधे दिली तिची ओळ चार वेळा येते. दुसऱ्या गावात ६.५ हिमोग्लोबिन असलेल्या मातेस चार आणि इतरांस प्रत्येकी एक औषध दिले असेल, तर पाचांच्या आठ ओळी होतात, सरासरी ९.० दिसते आणि प्रचरण सुमारे ७.१९. आज्ञा बिनतक्रार चालते, उत्तरही येते, फक्त ते मातांविषयीचे नसून औषधांच्या ओळींविषयीचे असते. म्हणून आधी प्रत्येक मातेची एकच ओळ निश्चित करावी आणि मगच समूह-फल वापरावे.

तिसरी गोष्ट भाजकाची. शिबिरास आलेल्या पाच मातांविषयीच बोलावयाचे असेल तर पाचने भागावे. हे काम व्हार-पॉप करते. त्या पाचांवरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधावयाचा असेल तर एक कमी करून चारने भागावे. हे काम व्हार-सॅम्प करते. कारण नमुन्यातील आकडे स्वतःच्याच सरासरीच्या जवळ असतात, खऱ्या सरासरीच्या तितके जवळ असतीलच असे नाही, आणि त्यामुळे पसारा थोडा कमी मोजला जातो. दुसऱ्या गावात पाचने भागता ५.५ येते, चारने भागता ६.८७५. नोंदी हजार असल्या तर हा फरक नगण्य ठरतो. नोंद एकच असेल तर मात्र भेद मूलभूत आहे : व्हार-पॉप शून्य सांगते आणि मानकाप्रमाणे व्हार-सॅम्प रिक्त उत्तर देते. एका आकड्यावरून पसाऱ्याविषयी काही सांगता येत नाही, हेच प्रामाणिक उत्तर होय. येथे ध्यानात ठेवावे, की नुसते ‘व्हेरिअन्स’ असे फल लिहिले तर मायएसक्यूएल पूर्ण संख्येने भागतो आणि पोस्टग्रेएसक्यूएल एक कमी करून भागतो. रुग्णालयाने प्रणाली बदलली, की तोच अहवाल निराळा आकडा दाखवू शकतो. तसेच भाजक बदलल्याने शिबिरास न आलेल्या माता हिशेबात येत नाहीत. त्यांच्यासाठी आशा कार्यकर्तीच्या यादीशी ताळा करावाच लागतो.

चौथी गोष्ट मोठ्या आकड्यांची. संगणक दशांश आकडे साधारणतः पंधरा-सोळा अंकांपर्यंतच अचूक ठेवतो. अनेक प्रणालींत वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत साठविली जाते. ती संख्या आज दहा अंकी आहे आणि तिचा वर्ग एकोणीस अंकी होतो. अशा दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी करून काही सेकंदांचा फरक शोधू गेल्यास शेवटचे महत्त्वाचे अंक आधीच गळालेले असतात, आणि क्वचित प्रचरण उणेही येते, जे गणिताने अशक्य आहे. उपाय सोपा आहे : आधी सर्व आकड्यांतून एक सोयीची संख्या वजा करावी. सर्व आकडे सारखेच सरकविल्याने प्रचरण बदलत नाही. प्रतीक्षेचा काळ काढावयाचा तर तपासणीच्या वेळेतून नोंदणीची वेळ वजा करून मिनिटेच वापरावीत. बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये दिलेल्या रीतीत प्रत्येक नव्या आकड्यासोबत सरासरी व अंतरांच्या वर्गांची बेरीज सुधारत नेली जाते, आणि ही अडचण बव्हंशी टळते.

प्रयोगशाळेतील पहारा

रुग्णांच्या आप्तांना प्रचरणाचा संबंध दूरचा वाटेल, परंतु त्यांच्या हाती पडणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक अहवालामागे त्याचा पहारा असतो. प्रयोगशाळेत यंत्रावर ठराविक मूल्याचा एक नियंत्रण-नमुना रोज तपासतात. एकच द्रव असूनही उत्तर रोज तंतोतंत सारखे येत नाही. समजा, साखरेच्या नियंत्रण-नमुन्याची कित्येक दिवसांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन ३ आहे. आकड्यांचा पसारा घंटेच्या आकाराचा असेल, तर शंभरांपैकी सुमारे ९५ उत्तरे ९४ ते १०६ यांच्या दरम्यान आणि जवळजवळ सर्व उत्तरे ९१ ते १०९ यांच्या दरम्यान पडतात. एखाद्या सकाळी ११२ आले, तर रुग्णांचे अहवाल थांबवून आधी यंत्र, द्रावण आणि नमुना तपासावयाचा असतो.

कारखान्यातील मालाच्या दर्जासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये आखलेला हा आलेख १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यातील दोन्ही रेषा डेटाबेसमधील सरासरी आणि प्रमाण विचलन यांवरूनच ओढल्या जातात. यंत्राची सरासरी बरोबर असूनही प्रचरण वाढत गेले, तर ते यंत्र कधी जास्त कधी कमी सांगते, आणि त्याची किंमत एखाद्या रुग्णास चुकीच्या मात्रेच्या रूपाने मोजावी लागते.

डॉ. सुखात्मे यांचा प्रश्न

प्रचरण विचारात घ्यावे की नाही, यावर महाराष्ट्रातच एक मोठा वाद झाला. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध करताना दरडोई दररोज २२५० कॅलरी हा आधार धरला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. माणसाची अन्नाची गरज माणसागणिक आणि एकाच माणसात दिवसागणिकही बदलते. म्हणून सरासरी गरजेखाली असलेला प्रत्येक जण उपाशी समजणे योग्य नाही, सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून मर्यादा ठरवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या रीतीने भुकेल्यांची संख्या बरीच कमी दिसते आणि खरी उपासमार झाकली जाण्याचा धोका आहे, असे त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे होते.

या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु कोण उपाशी आणि कोण नाही, हे ठरविताना प्रचरणाचा आकडा लाखो माणसांना एका रकान्यातून दुसऱ्यात नेऊ शकतो, एवढे त्यावरून स्पष्ट होते. म्हणूनच तो कसा काढला आणि कशासाठी वापरला, हे अहवालात सांगणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

मूळ नोंद जपण्याचे महत्त्व

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठास मिळालेल्या देणग्यांची नोंद त्यात बाबवार कोरलेली आहे. एकूण दान किती, एवढेच लिहून तो काळ थांबला नाही. म्हणूनच आठ शतकांनंतरही आपल्याला त्या दानाचे स्वरूप कळते. रुग्णालयाच्या डेटाबेसचा धर्मही हाच असावा. गोषवारा कितीही वेळा निराळ्या रीतीने काढता येतो, परंतु मूळ ओळ एकदा गेली की परत मिळत नाही.

अहवाल वाचताना

प्रचरणाच्याही मर्यादा आहेत. आकडे पसरलेले आहेत एवढे ते सांगते. पसारा कोणत्या बाजूस आहे आणि कोण मागे आहे, हे सांगत नाही. उत्तम आरोग्याच्या काही मातांमुळेही ते वाढू शकते. म्हणून त्याच्या शेजारी किमान मूल्य आणि ७ पेक्षा कमी हिमोग्लोबिन असलेल्या मातांची संख्या असावी. ही दोन्ही उत्तरे मिन आणि अट घातलेल्या काउंटने त्याच आज्ञेत मिळतात. दुसऱ्या गावाबाबत मग एकच ओळ छापावी लागेल : माता ५, सरासरी १०.५, प्रमाण विचलन २.३५, किमान ६.५, तीव्र रक्तक्षय १.

देणगीदार, विश्वस्त आणि आप्तजनांनी कोणत्याही रुग्णालयाचा अहवाल हाती घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत, अशी नम्र विनंती आहे. ही सरासरी किती नोंदींची आहे आणि किती नोंदी रिक्त राहिल्या? सरासरीभोवती पसारा किती आहे? आणि त्या पसाऱ्याच्या तळाशी असलेल्या व्यक्तीसाठी काय केले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही समूह-फल देऊ शकत नाही. ‘ग्रुप बाय’ काढून टाकून ती एक ओळ उघडावी लागते, तिच्यावरील नोंदणी क्रमांकावरून केसपेपर काढावा लागतो आणि त्या मातेच्या घरी निरोप धाडावा लागतो. आपले दान ज्या कामासाठी आहे, ते तेथून सुरू होते.